तरुणाची फिर्याद आणि तिचा जमाखर्च



वक्त्याने विषय निवडावा आणि चालकांनी तो निमूटपणे मान्य करावा अशी या व्याख्यानमालेची वहिवाट असल्यामुळेच आजचा विषय आपल्यापुढे येऊ शकला. एरवी, वडीलधाऱ्यांचे जग पोकळ आहे अशी फिर्याद घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांची वकिली करण्यासाठी, पहिल्या चार रांगा वडीलधाऱ्यांनीच भरलेल्या सभागृहात मला कोणी पाचारण केले असते असे वाटत नाही. मागच्या दाराशी जी तरुण मंडळी उभी आहेत ती, व्याख्यान रटाळ झालेच तर निसटता यावे, अशा बेताने उभी आहेत हे व्यासपीठावरून स्वच्छ दिसते. त्यांना माझी पूर्ण मुभा आहे.

आमच्या साहित्यात फार काळपर्यंत मुकदमा उलट दिशेने चालत असे. वडीलधारे न्यायासनावर आणि मूल आरोपीच्या पिंजऱ्यात, अशी रचना सर्वांना मान्य होती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ घ्या. श्याम चुकतो, आई व्यथित होते, श्याम रडतो आणि शहाणा होतो. आरोपीचे न्यायाधीशावर इतके निरतिशय प्रेम आहे की अपिलाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्या प्रेमाचा अधिकार नाकारण्याची माझीही छाती नाही. परंतु पिंजऱ्यातल्या त्याच पोराने एके दिवशी मान वर करून न्यायासनाकडे निरखून पाहिले, आणि तेथे बसलेल्या माणसाचा झगा भाड्याचा आहे, निकाल पाठ केलेला आहे, आणि त्याचे लक्ष खटल्याकडे नसून घड्याळाकडे आहे, असे त्याला दिसले, तर? अशा वेळी आरोपी स्वतःच फिर्यादी होतो. विसाव्या शतकाच्या मध्याला जगातल्या अनेक भाषांतून हे फिर्यादी पुढे आले. त्यांतील दोघांविषयी मी प्रामुख्याने बोलणार आहे: जे. डी. सॅलिंजर यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीतील होल्डन कॉलफील्ड, आणि भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर. या दोघांना शेजारी बसविण्याची चाल नवी नाही. दुसऱ्याने पहिल्याकडून काय उसने घेतले याचा पंचनामा करण्यात आमच्या समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. तो व्यवहार मी त्यांच्याकडेच राहू देतो. मला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. या फिर्यादीच्या मागे मेले कोण? आणि या फिर्यादीचा खर्च भरला कोणी?

प्रथम होल्डन. सोळा वर्षांचा हा मुलगा पेन्सिल्वेनियातील एका नामांकित निवासी शाळेतून, बहुतेक विषयांत नापास झाल्यामुळे, काढला गेला आहे. नाताळच्या सुटीपूर्वीच तो शाळा सोडतो, घरी तोंड दाखविण्याचे धैर्य नसल्यामुळे न्यूयॉर्कच्या हॉटेलांतून, मद्यगृहांतून आणि टॅक्सींतून भटकत राहतो, आणि भेटेल त्या माणसातले ढोंग हुंगतो. कथानक म्हणावे तर एवढेच. त्याच्या आधीच्या एका शाळेतील मुख्याध्यापकाची हकिगत तो सांगतो. रविवारी पालक भेटीस आले म्हणजे हे गृहस्थ हसतमुखाने सर्वांचे स्वागत करीत. मात्र एखाद्या मुलाची आई जराशी स्थूल किंवा गबाळी दिसली, बापाचा कोट जुन्या बेताचा असला, तर नुसता हात मिळवून आणि ओठांवरचे हसू ओठांवरच संपवून ते पुढे सटकत, आणि कोणा सुस्थितीतल्या पालकांशी अर्धा-अर्धा तास गप्पा मारीत उभे राहत. (आपल्यापैकी ज्यांनी शिक्षणसंस्था चालविल्या आहेत त्यांनी चुळबुळ करण्याचे कारण नाही; ही गोष्ट अमेरिकेतली आहे.) दुसरी हकिगत त्याच्या चालू शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची. हा इसम स्वस्तात प्रेते पुरून देण्याच्या धंद्यात गबर झालेला. शाळेला देणगी देऊन त्याने वसतिगृहाच्या एका भागाला आपले नाव लावून घेतले आहे. भल्या मोठ्या गाडीतून तो येतो, प्रार्थनामंदिरात मुलांना प्रवचन देतो, आणि मी गाडी हाकतानासुद्धा प्रभूशी संभाषण करीत असतो असे सांगतो. होल्डनच्या डोळ्यांपुढे तत्काळ चित्र उभे राहते: गाडीचा गिअर बदलता बदलता हा भक्त परमेश्वराकडे आणखी काही प्रेतांची मागणी करीत आहे.

यावर सभागृहात हशा पिकतो, आणि तो पिकावाच. पण क्षणभर थांबून विचारावेसे वाटते की ढोंगाचा नमुना म्हणून या मुलाला नेमका प्रेतांचा व्यापारीच का आठवावा? अमेरिकेत वकील, नटनट्या, विमाकंपन्यांचे दलाल यांची काय वाण होती?

कारण असे की होल्डनचा धाकटा भाऊ अ‍ॅली हा रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आहे. तारीख होल्डनला पाठ आहे: १८ जुलै १९४६. अ‍ॅली अकरा वर्षांचा होता आणि होल्डन तेरा. अ‍ॅली बेसबॉल खेळत असे. चेंडू झेलण्यासाठी हातात घालायच्या चामडी मोज्यावर, बोटांवर, तळव्यावर, जागा मिळेल तेथे, त्याने हिरव्या शाईने कविता उतरून ठेवल्या होत्या. मैदानात उभे असताना फलंदाज येईपर्यंत काही वाचायला हवे, म्हणून! साऱ्या कादंबरीत मला ही एक वस्तू अशी दिसते की जिच्यात ढोंगाचा लवलेश नाही. अ‍ॅली गेला त्या रात्री होल्डन गाड्या ठेवण्याच्या खोलीत झोपला आणि त्याने तिथल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा नुसत्या मुठीने फोडल्या. हाताला इजा होऊन तो इस्पितळात पडला, आणि त्यामुळे भावाच्या दफनाला त्याला जाताही आले नाही. वडीलधाऱ्यांनी यावर कोणता तोडगा काढला? मुलाच्या मनाची वैद्यकीय तपासणी करविण्याचा त्यांचा विचार चालला होता!

पुढे शाळेत एक वर्गबंधू त्याच्याकडून आपल्या नावे निबंध लिहून मागतो: एखाद्या खोलीचे अथवा घराचे वर्णन करावे. होल्डन त्या हातमोज्याचे वर्णन लिहितो. वर्गबंधू चिडतो, कारण फर्माईश खोलीची होती आणि माल निघाला मोज्याचा. होल्डन तो कागद फाडून टाकतो. या प्रसंगावर फारसे कोणी लिहीत नाही, परंतु माझ्या मते होल्डनची सगळी फिर्याद या एका कागदात आहे. विहित नमुन्यात न बसणारे दुःख दफ्तरी दाखल होत नाही. तसाच तो कबरस्तानातला पाऊस. आईवडिलांबरोबर होल्डन अ‍ॅलीच्या कबरीवर जातो, अचानक पाऊस येतो, आणि भेटीस आलेली सगळी मंडळी आपापल्या मोटारींकडे धावत सुटतात, रेडिओ लावतात, आणि कोठेतरी चांगलेसे जेवायला निघून जातात. अ‍ॅली मात्र तेथेच राहतो. होल्डनला याचा जो संताप येतो तो तर्काला सोडून आहे, हे त्याला स्वतःलाही कळते. मेलेल्याला पाऊस लागत नाही. पण माणसे किती झपाट्याने कोरडी होतात हे त्याला दिसलेले आहे, आणि पुढे जेथे जेथे त्याला ढोंग दिसते तेथे तेथे तो हेच कोरडेपण पाहत असतो, असा माझा तर्क आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी उतरलेल्या सैन्यात सॅलिंजर होते, हे येथे विसरून चालणार नाही. त्यांनी युद्धावर कादंबरी लिहिली नाही; ज्याने युद्ध पाहिले नाही अशा एका मुलाच्या तोंडी त्यांनी तो न संपलेला शोक घातला.

आता पुण्यास या. खानदेशातील एका सधन शेतकऱ्याचा मुलगा कॉलेजच्या शिक्षणासाठी शहरात येतो, वसतिगृहात राहतो, वादविवादमंडळात, स्नेहसंमेलनात, नाटकात पुढारीपण करतो, परीक्षांत आपटतो, आणि शेवटी गावी परततो. वयाची पंचविशी गाठलेला हा पांडुरंग आपली कैफियत स्वतःच लिहून काढतो, आणि ती अशा भाषेत लिहितो की ज्या भाषेने मराठी गद्याचा इस्त्रीचा सदरा एका दिवसात चुरगाळून टाकला. पुस्तकाची अर्पणपत्रिकासुद्धा शंभरातील त्या नव्व्याण्णव जणांसाठी आहे, ज्यांना एरवी कोणी काही अर्पण करीत नाही. पांडुरंगाला हसू येते ते पुण्यातल्या विद्वत्तेचे, प्राध्यापकांचे, गंभीर चर्चांचे, मैत्रीच्या आणाभाकांचे, आणि स्वतःचेही. होल्डन स्वतःला फारसे हसत नाही. पांडुरंग आधी स्वतःला हसून घेतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. या एका गुणामुळे मला आमचा फिर्यादी अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि यात स्वभाषेचा अभिमान किती व न्यायबुद्धी किती याची वाटणी करण्याच्या भरीस मी पडत नाही.

पण हसता हसता त्या पुस्तकात एक दिवस मनी मरते. पांडुरंगाची ही लहान बहीण देवीच्या साथीत जाते, आणि घरापासून दूर असलेल्या भावाला ती वार्ता कळते. तेथे गद्य मोडून पडते. आतापर्यंत उपरोधाच्या ठेक्यावर चालणारी वाक्ये एकमेकांवर आदळू लागतात. संतापाला ठिकाण राहत नाही. तो घरावर, जन्म देणाऱ्यांवर, जगण्याच्या साऱ्या व्यवस्थेवर उसळतो आणि पुन्हा स्वतःकडे येतो. ही पाने मी अनेकांना मोठ्याने वाचताना ऐकले आहे, आणि त्या ठिकाणी आवाज न बदललेला वाचक मला अद्याप भेटलेला नाही. दोन देश, दोन भाषा, बारा वर्षांचे अंतर. आणि दोन्ही ठिकाणी वडीलधाऱ्यांच्या जगावरील विश्वास उडण्याच्या मुळाशी एक धाकटे भावंड मेलेले असावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यास माझे मन तयार होत नाही. थोरांनी एकच करार केला होता: आम्ही सांगतो तसे वागा, आम्ही तुम्हाला सांभाळू. तो करार मोडला. मोडल्यावर क्षमा मागावी, तर तेही नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकाने उघडली, तास सुरू झाले.

होल्डनच्या शोकाला कोणी नमुनाच देत नाही, आणि पांडुरंग मिळालेला प्रत्येक नमुना झुगारतो. पण ज्याच्यावर शोकाचा नमुना बळजबरीने लादला जातो, अशा तरुण माणसाचे काय? त्यासाठी मला आपल्याला ‘कोसला’च्याही सत्तरएक वर्षे मागे न्यावे लागेल. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ पत्र सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. निवेदन करणारी यमू ही मुलगी आहे, नंतर सून आहे, नंतर विधवा आहे. लहान वयात ती थोरांच्या बैठकीबाहेर उभी राहून जे ऐकते आणि पाहते, ते होल्डनच्या निरीक्षणाइतकेच तीक्ष्ण आहे. तिच्या सासरचे शंकरमामंजी, ज्यांच्या ओठांवर धर्म आणि आचरणात सर्व काही धर्माबाहेरचे, हे मराठी कादंबरीतील ढोंगाचे आद्य दैवत म्हणायला हरकत नाही. नवरा वारल्यावर यमूच्या दुःखाचे वडीलधारे काय करतात? तिच्यावर न्हाव्याचा वस्तरा चालवितात. शोक कसा दिसावा, याचा हुकूम तिच्या मस्तकावर बजावला जातो. आमच्या भाषेत थोरांच्या पोकळपणाची पहिली सविस्तर जबानी प्रथमपुरुषात एका मुलीने दिली, ही गोष्ट बंडखोर तरुण नायकांची वंशावळ लिहिताना आम्ही सोयीस्करपणे विसरतो. होल्डनच्या थोरल्या बहिणीचा मान यमूला द्यावयास हवा होता; आम्ही तिला सुधारणेच्या चळवळीचा दस्तऐवज करून कपाटात ठेविले.

यमूचे नाव निघाले म्हणजे दुसरा प्रश्न आपोआप पुढे येतो. तीन दिवस हॉटेलांतून भटकणे तिला शक्य होते काय? वसतिगृहातली खोली, रात्रीची रिकामी सडक, सिगारेटच्या धुरात चाललेली जीवनावरची चर्चा, यांतले काय तिच्या वाट्याला येण्यासारखे होते? ज्या जगाचा तिटकारा आला त्याच्याकडे पाठ फिरवून बाहेर पडावयाचे, तर बाहेर म्हणून काही जागा असावी लागते, आणि त्या जागेचे भाडे कोणीतरी भरावे लागते. होल्डनची आजी वयोमानाने थोडी विसरभोळी झालेली असल्यामुळे नातवाला वाढदिवसाचे पैसे वर्षातून चार वेळा पाठविते; शिवाय निघताना तो आपले टंकलेखनयंत्र मूळ किमतीच्या चतुर्थांशाहूनही कमी किमतीत विकून टाकतो, आणि विकलेल्या त्या यंत्राचा दाम मूळचा कोणी मोजला होता याचा उच्चार करीत नाही. त्याचे वडील कादंबरीत प्रत्यक्ष कोठेही दिसत नाहीत. वकिलीत भरपूर मिळविणारा हा बाप फक्त खर्चाच्या बाजूला, अदृश्य रूपाने, हजर असतो.

पांडुरंगाचा बाप मात्र दिसतो, आणि पुरता दिसतो. तो हुकमत गाजविणारा आहे, पैशाला जपणारा आहे, मुलाच्या दृष्टीने जुलमी आहे. पण कॉलेजातल्या पुढारीपणाचे बिल शेवटी त्याच्याच पुढ्यात येऊन पडते, आणि ही गोष्ट कादंबरी आपल्यापासून क्षणभरही लपवून ठेवीत नाही. पुण्याच्या पोकळपणावर हसणाऱ्या तरुणाची प्रत्येक संध्याकाळ सांगवीच्या शेतातून वसूल झालेली आहे. येथे आपल्यापैकी काही ज्येष्ठ मंडळींच्या चेहऱ्यांवर समाधान पसरलेले दिसते. ते जरा तहकूब ठेवावे, अशी विनंती आहे. बापाने पैसे दिले म्हणून मुख्याध्यापकाचे हसू खरे ठरत नाही, आणि शेतसारा बापाच्या नावे भरला गेला म्हणून मनी जिवंत होत नाही. फिर्यादीचा खर्च कोणी भरला, यावरून फिर्याद खोटी पडत नाही. फिर्यादी कोठे उभा आहे, एवढे मात्र त्यावरून कळते.

आणि ज्याचा खर्च भरणारे कोणीच नाही, त्याची फिर्याद कशी असते? ‘कोसला’ निघाली त्याच १९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह निघाला. एकाच वर्षी निघालेली ही दोन पुस्तके आमच्या अभ्यासक्रमांतून सहसा एका बाकावर बसत नाहीत. त्याच नावाची कथा अशा एका तरुणाची, जो रेल्वेच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गुजरातेत गेला आहे, कविता करतो, मोठी स्वप्ने पाहतो, आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवितो. घरमालकाला त्याच्या बुद्धीचे आणि काव्याचे केवढे कौतुक! तो आदर खरा आहे काय? जात उघड होते त्या दिवशी उत्तर मिळते. कौतुक करणारेच हात त्याच्यावर पडतात. होल्डनला ढोंगाचा वीट येतो, पांडुरंगाला त्याचे हसू येते. बागुलांच्या तरुणाला ते ढोंग स्वतः पांघरावे लागते, कारण त्यावाचून डोक्यावर छप्पर मिळत नाही. सभ्य जगाचा पोकळपणा किती खोल आहे हे मोजावयाचे असेल, तर त्यात आत शिरलेला माणूसच ते सांगू शकतो. बाहेरून टिचकी मारून पाहणाऱ्याला नुसता आवाज ऐकू येतो. हे म्हणताना पहिल्या दोघांची किंमत कमी करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच की १९६३ साली मराठीत तरुणाच्या एका नव्हे, दोन कैफियती दाखल झाल्या, आणि वाङ्मयाच्या दरबारात त्यांपैकी एकीचीच सुनावणी धडाक्याने चालली.

वेळ होत आली आहे, आणि सभापती घड्याळाकडे पाहत नाहीत असे दाखवीत आहेत. पण खर्चाचा विषय काढला आहे तर शेवटची एक रक्कम नोंदविल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. होल्डनला फीबी नावाची दहा वर्षांची बहीण आहे. रात्री चोरून घरी आलेल्या भावाजवळ पैसे संपत आले आहेत असे कळताच ती नाताळच्या भेटवस्तूंसाठी साठविलेले आपले पैसे त्याच्या हाती ठेवते: आठ डॉलर आणि वर काही सेंट. आजीचे पैसे, बापाचे पैसे, यंत्राचे पैसे निर्विकारपणे उडविणारा होल्डन हे पैसे हातात येताच ढसाढसा रडू लागतो, आणि रडणे त्याला आवरत नाही. दुसऱ्या दिवशी तीच फीबी आपली पेटी ओढीत त्याच्याबरोबर पळून जायला येते. आता हा जगाला विटलेला बंडखोर काय करतो? तो नाही म्हणतो. मुकाट्याने शाळेत जा म्हणतो. कारण देत नाही, दरडावतो. म्हणजे ज्या सुरात आतापर्यंत त्याच्याशी सगळे बोलत आले, नेमक्या त्याच सुरात बोलतो, आणि फीबी त्याच्याकडे पाठ फिरविते. मला या कादंबरीतले सर्वांत निर्दय आणि सर्वांत न्याय्य पान हेच वाटते. येथे पहिल्यांदा कोणी होल्डनवर फिर्याद करते, आणि त्याच्याजवळ बचाव नाही. पांडुरंगावर ही वेळ आली नाही, कारण मनी अगोदरच गेली होती. ती असती तर सांगवीला परत आलेल्या भावाला तिने काय विचारले असते, हे ‘कोसला’ आपल्याला सांगू शकत नाही.

फीबीचे मात्र एक दफ्तर उपलब्ध आहे, आणि वंशावळीत यमूच्या नावाखाली ते नोंदवून घेण्याजोगे आहे. ती वह्यांतून गोष्टी लिहिते. तिने आपले मधले नाव स्वतःच बदलून घेतले आहे, आणि तेच नाव तिच्या गोष्टीतल्या मुलीचे आडनाव आहे. ही मुलगी गुप्तहेर आहे. ती अनाथ आहे असे लेखिकेने ठरविलेले आहे, आणि तरीही, होल्डन तक्रार करतो, त्या गोष्टींत तिचा बाप वरचेवर येऊन टपकतो. दिसायला देखणा, उंच, आणि वयाने सुमारे वीस वर्षांचा.